वजन जास्त असलं तर बूस्टरचा उपयोग होतो का? एका डायलिसिस टेक्निशियनच्या प्रश्नाला उत्तर

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्या वाशीच्या एका रुग्णालयात डायलिसिस टेक्निशियन आहेत. वय ४६, वजन ९६ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. २०१७ मध्ये हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झाले, महिन्याभराने टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची पातळी) केलं तेव्हा ३४० आलं होतं. यंदा ते ७ आलंय. विभागातलं कुणीतरी म्हणालं, ‘जाड माणसांना लस लागतच नाही, तिचा असरच होत नाही, कशाला टोचून घेता?’ आता त्यांना कळत नाहीये की आधीची लस वाया गेली का, बूस्टर घ्यावा का, आणि घ्यायचाच तर दुप्पट घ्यावा का. शिवाय त्यांचा मुलगा १८ वर्षांचा आहे, वजन १०२ किलो. फिजिओथेरपीला प्रवेश मिळालाय आणि कॉलेजने हीच लस मागितली आहे. लहानपणी तिचा एकही डोस झालेला नाही.

ताई, आधी तुमच्या त्या ७ बद्दल बोलते, कारण त्या आकड्याने तुमची झोप उडवलेली दिसतेय. हिपॅटायटिस बीमध्ये १० ही रेघ मानतात. तीन डोस पूर्ण झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत जो १० च्या वर गेला, त्याला लस लागली. तुम्ही ३४० ला पोचला होतात, म्हणजे तुम्हाला लस लागली होती आणि तो कागद तुमच्याकडे आहे. पुढे वर्षं जातील तसं रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण सगळ्यांचंच उतरतं, बारीक माणसांचंही. पण लस घेतल्यावर शरीरात स्मृतिपेशी तयार होतात आणि त्या टायटरमध्ये मोजल्या जात नाहीत. कणगीतलं धान्य सरलं तरी बियाण्याचं गाडगं वेगळं ठेवलेलं असतं, तसं आहे हे. विषाणू आत शिरला की त्या पेशी जाग्या होतात आणि प्रतिपिंडं पुन्हा भराभर बनवतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू आजार दाखवायला दीड ते सहा महिने घेतो, त्यामुळे त्यांना तयारीला भरपूर वेळ मिळतो. हा वेळेचा मुद्दा लक्षात ठेवा. फ्लूच्या बाबतीत गणित उलटं होतं, ते पुढे सांगते.

तरीही तुम्ही एक डोस घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही रोज फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी हातात केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडाच्या) सुया हाताळता, रक्ताशी तुमचा संबंध आमच्यासारख्या ओपीडीवाल्यांच्या कितीतरी पट जास्त. एक डोस, नेहमीचाच. मग चार ते आठ आठवड्यांनी टायटर. आकडा उसळून वर आला की समजायचं, स्मृती शाबूत आहे. १० च्या खालीच राहिला तर उरलेले दोन डोस वेळेवर घेऊन पुन्हा तपासायचं. बूस्टर घेऊन टायटर न करणं मात्र तुमच्या कामात चालणार नाही.

आता ‘जाड माणसांना लस लागतच नाही’ या वाक्याकडे. माझ्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या दवाखान्यात हे मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि ते ऐकून घरी बसलेल्या माणसांना न्यूमोनिया झालेला पाहिलाय, की त्याचा मला खरोखर राग येतो. त्यात तथ्याचा एक कण आहे, आणि तोच अर्धवट ऐकून ही अफवा वाढते.

तो कण १९८५ चा आहे. अमेरिकेत रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना त्या काळची, रक्तद्रवापासून बनवलेली हिपॅटायटिस बीची लस दिली होती. तपासणीत दिसलं की ज्यांचं वजन जास्त, त्यांच्यात प्रतिपिंडं कमी तयार झाली. हा निष्कर्ष ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, आणखी एक गोष्ट पुढे आणली: ज्यांना ही लस कमरेवर टोचली होती, त्यांच्यात ती दंडावर टोचलेल्यांपेक्षा कमी लागली होती. या दोन बातम्या एकत्र वाचल्या की लक्षात येतं, दोष काही प्रमाणात सुईचा आणि जागेचा होता. लोकांनी मात्र फक्त पहिली बातमी लक्षात ठेवली.

सुईबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण उद्या सकाळी सुधारता येईल अशी गोष्ट हीच आहे.

ही लस स्नायूत जायला हवी. स्नायूत रक्तपुरवठा भरपूर असतो आणि रोगप्रतिकाराच्या पेशी तिथून लस उचलून काखेतल्या गाठींपर्यंत नेतात. सगळा पुढचा कारखाना त्या गाठींमध्ये चालतो. चरबीत रक्त कमी फिरतं. तिथे अडकलेली लस हळूहळू सुटते, काही भाग वाटेतच मोडून जातो, वर दंडावर गाठ येऊन आठवडाभर दुखत राहते ते वेगळंच. १९८२ मध्ये सीटी स्कॅनवर मोजमाप करून एका गटाने दाखवलं होतं की कमरेवर साडेतीन सेंटिमीटरच्या सुईने दिलेलं इंजेक्शन खरोखर स्नायूत पोचेल अशा बायका शंभरात पाचही नव्हत्या आणि पुरुष पंधराही नव्हते. बाकी सगळ्यांचं औषध चरबीत.

दंडावर चरबी कमी असते, पण बायकांच्या दंडावर पुरुषांपेक्षा जास्त असते. म्हणून सीडीसीच्या सूचनांमध्ये बायका आणि पुरुषांसाठी वेगळी वजनं दिली आहेत: ९० किलोच्या वरची स्त्री आणि ११८ किलोच्या वरचा पुरुष यांना दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरची सुई. ७० ते ९० किलोच्या स्त्रीला एक ते दीड इंच, दंड बघून. आपल्याकडे लसीकरणाला सरसकट एक इंची सुई वापरतात, ती निळ्या बुडाची २३ नंबरची. बहुतेकांना ती पुरते. तुम्हाला, ९६ किलोला, नाही पुरत. तुम्ही टेक्निशियन आहात, वॉर्डातल्या ट्रॉलीवर काळ्या बुडाची २२ नंबरची दीड इंची सुई कुठे असते हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. टोचणाऱ्या सिस्टरला ती लावायला सांगा. आणि दंडाची कातडी चिमटीत धरू देऊ नका, चिमटीत धरली की सुईच्या वाटेत चरबीच वाढते. कातडी बोटांनी ताणून सपाट करायची आणि सुई सरळ नव्वद अंशात.

अजून एक गोष्ट, जी पुस्तकात क्वचित सापडते. आपल्या बायकांच्या कुर्त्याची किंवा ब्लाउजची बाही घट्ट असते, वर सरकत नाही. मग टोचणारा जेवढा दंड दिसतो तेवढ्यात, म्हणजे कोपराच्या वर चार बोटं, मागच्या मऊ बाजूला टोचून मोकळा होतो. तिथे डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा जाड स्नायू, नसतोच. जागा आहे खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं. लसीला जाताना सैल बाहीचं किंवा पुढून उघडणारं काहीतरी घाला, आणि पडदा ओढायला सांगायला लाजू नका.

माझ्याच दवाखान्यात ही चूक झालेली आहे. मार्केटमधले एक दलाल, १२० किलोच्या पुढे, मुलीच्या परदेशातल्या लग्नाआधी सगळ्या लसी करून घ्यायला आले होते. तीन डोस आम्हीच दिले, टायटर आलं ४. मी त्यांच्या कागदावर ‘लस न लागणारे’ असं लिहून टाकलं. महिन्याभराने सिस्टरशी बोलताना कळलं की तिन्ही वेळा त्यांच्या सांगण्यावरून कमरेवर दिलं होतं, कारण दंड दुखला की गोण्या मोजायला त्रास होतो. पुन्हा तीन डोस, दंडावर, लांब सुईने. टायटर शंभरच्या वर गेलं. तो कागद मी फाडला नाही, आमच्याकडे नवीन सिस्टर आली की दाखवते.

म्हणजे सगळा दोष सुईचा का? नाही. योग्य सुईने, योग्य जागी दिलं तरी वजनाचा स्वतःचा परिणाम उरतोच, आणि तो समजून घ्यायला हवा.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती सतत रसायनं सोडत असते. चरबीच्या पेशी फुगत गेल्या की काही मरतात, त्यांच्याभोवती भक्षक पेशी जमतात आणि तिथून टीएनएफ, आयएल-६ यांसारखे दाहाचे संदेश रक्तात झिरपत राहतात. ताप नाही, दुखणं नाही, पण आत सारखं धुमसत असतं. त्यात लेप्टिन. हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं, पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं म्हणून. पण रोगप्रतिकाराच्या टी पेशींवरही त्याचे स्वीकारक असतात. चरबी जितकी जास्त तितकं लेप्टिन जास्त, आणि वर्षानुवर्षं तो मारा झाला की पेशी त्याला दाद देईनाशा होतात. कोपरी पुलापाशी राहणाऱ्या माणसाला लोकलचा भोंगा ऐकू येईनासा होतो तसं. मग लस देऊन आपण जेव्हा खरा इशारा देतो, तेव्हा त्या आधीच्या गोंगाटात तो तितका उठून दिसत नाही. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींमध्ये ती अधिक पक्की करणारं यंत्रही मंद चालतं. परिणाम असा की सुरुवातीचा जोर ठीक असतो, टिकाऊपणा कमी पडतो.

हे सगळ्यांत स्वच्छ दिसलं ते फ्लूच्या लसीत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की लठ्ठ माणसांमध्ये लसीनंतर महिन्याभराने प्रतिपिंडं अगदी छान वाढलेली होती. वर्षभराने मात्र ती इतरांपेक्षा जास्त घसरली होती, आणि विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या टी पेशीही थंड पडल्या होत्या. २०१७ मध्ये त्याच गटाने हजारभर लस घेतलेल्या प्रौढांचा हिशोब मांडला: लठ्ठ गटात शंभरातल्या साधारण दहा जणांना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार झाला, योग्य वजनाच्या गटात पाच जणांना. दोन्हीकडे लसीनंतरचं टायटर सारखंच होतं. आकडा सारखा असून आजार दुप्पट.

मग कोविड आला. केंब्रिज आणि एडिंबराच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापलेलं काम मला या विषयात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० च्या वर असलेल्यांमध्ये दुसऱ्या डोसनंतर सहा महिन्यांनी ५५ टक्के लोकांच्या रक्तात विषाणू निकामी करणारी प्रतिपिंडं मोजता येण्याइतकीही उरली नव्हती. योग्य वजनाच्या लोकांत हे प्रमाण १२ टक्के होतं. तिसरा डोस, म्हणजे बूस्टर दिल्यावर ही ताकद परत आली. पुढच्या महिन्यांत पुन्हा लवकर उतरली, हे खरं, पण परत आली. स्कॉटलंडमधल्या सुमारे ३५ लाख लोकांच्या नोंदींमध्येही हेच चित्र होतं: लस सगळ्यांना वाचवत होती, फक्त ४० च्या वरच्यांमध्ये तिचा असर आधी ओसरत होता. आपल्याकडे २०२२ मध्ये प्रिकॉशन डोस, म्हणजे कोविडचा तिसरा डोस, फुकट मिळत होता, तेव्हा घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून ‘दोन झालेत, बास’ म्हणणाऱ्यांत मधुमेही, वजनदार माणसंच जास्त भेटायची. बूस्टरची खरी गरज होती ती त्यांनाच.

तुमच्या सहकाऱ्याला हेच सांगा ताई. लस लागते. लवकर ओसरते, म्हणून तर बूस्टर टाळायचा नसतो.

आता तो वेळेचा मुद्दा. फ्लूचा विषाणू शिरल्यापासून एक ते चार दिवसांत माणूस आडवा होतो. स्मृतिपेशी जाग्या होऊन कामाला लागेपर्यंत आजार झालेला असतो, त्यामुळे त्या दिवशी रक्तात तयार असलेली प्रतिपिंडंच उपयोगी पडतात. म्हणून टायटर लवकर उतरण्याचा फटका हिपॅटायटिस बीपेक्षा फ्लूमध्ये जास्त बसतो. त्यावरून माझी एक सवय झाली आहे. आपल्या ठाणे-मुंबईत फ्लू पावसाळ्यात चढतो, जून ते सप्टेंबर. वजन जास्त असलेल्यांना मी फ्लूची लस मे महिन्याच्या मध्यावर देते, जानेवारी-फेब्रुवारीत कुणी मागितली तरी थांबवते. प्रतिपिंडं चढायला दोन आठवडे लागतात, म्हणजे पाऊस सुरू होताना ती भरात असतात. आणि दर वर्षी. एक वर्ष सोडून नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये लठ्ठपणा हा गंभीर आजाराचा स्वतंत्र धोका म्हणून पहिल्यांदा ठळकपणे समोर आला. त्यानंतर मला याबाबत सवलत द्यावीशी वाटत नाही. धनुर्वाताचा बूस्टर दहा वर्षांनी, तिथे वेगळं काही करायचं नाही, सुई तेवढी लांब.

दुप्पट डोसबद्दल. हा विचार तुमच्या मनात का आला ते मला कळतं. तुमच्या युनिटमधल्या रुग्णांना तुम्ही २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅम देता. पण तिथे कारण मूत्रपिंड निकामी असण्याचं आहे, त्यांची प्रतिकारशक्तीच वेगळ्या पद्धतीने खचलेली असते. वजनासाठी डोस वाढवत नाहीत. लस ही क्रोसिनसारखी किलोवर मोजायची वस्तू नाही. कुत्रा चावल्यावर बघा: इम्युनोग्लोब्युलिन किलोवर मोजून देतात, कारण ते तयार प्रतिपिंड आहे, शरीरभर पातळ होतं. रेबीजची लस मात्र ५० किलोच्या माणसाला आणि ११० किलोच्या माणसाला तेवढीच, कारण ती गाठीपर्यंत पोचून तिथे कारखाना सुरू करते. तुम्हाला २० च पुरेत, स्नायूत गेले म्हणजे झालं.

इथे हे वाचणाऱ्या, ‘आपलं काही ९६ किलो नाही’ म्हणून सुटकेचा श्वास टाकणाऱ्या मंडळींसाठी थोडं. परदेशातले अभ्यास बीएमआय ३० किंवा ४० वर रेघ मारतात. आपल्यासाठी रेघ २५ वर आहे, आणि कंबर पुरुषात ९० सेंटिमीटर, स्त्रीत ८०. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि पोट पुढे, हा आपला नेहमीचा मराठी बांधा. दाह वाढवण्यात पोटातली चरबी सगळ्यांत पुढे असते. तेव्हा काट्यापेक्षा टेप जवळ ठेवा.

लसीच्या आठवड्यात काय करावं, हेही तुम्ही विचारलं असतं तर मी झोपेपासून सुरुवात केली असती. २००२ च्या एका प्रयोगात फ्लूच्या लसीच्या आसपासचे काही दिवस फक्त चार तास झोपू दिलेल्या तरुणांमध्ये दहाव्या दिवशी प्रतिपिंडं निम्म्याहूनही कमी होती. तुमच्या नाइट ड्युट्या लागतात. ओळीने तीन-चार नाइट करून सकाळी घरी जाताजाता टोचून घेऊ नका, सुटीच्या आदल्या दिवशी घ्या. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) बरेच दिवस केलं नसेल तर त्याच रक्तात करून टाका. टोचल्यावर वाशीच्या मिनी सीशोरला दीड तास चालून आलात तर चांगलंच, अशा चालण्याने प्रतिपिंडं थोडी जास्त वाढल्याचं दिसलं आहे.

वजनाबद्दल एकच सांगते, आणि उपदेश म्हणून नाही. सेंट ज्यूड रुग्णालयाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये लठ्ठ उंदरांवर दाखवलं की लस देण्याआधी आहार बदलून वजन उतरवलं तर फ्लूची लस त्यांना नीट वाचवू लागते, नंतर उतरवलं तर तितका उपयोग होत नाही. म्हणजे प्रतिकारशक्ती कायमची बिघडलेली नसते, हे मला फार दिलासा देणारं वाटतं. पण त्यावरून ‘आधी दहा किलो कमी करते, मग लस’ असं ठरवू नका. माझ्याकडे असं ठरवून गेलेल्या बायका दोन-दोन वर्षं परत आलेल्या नाहीत, लसीलाही नाही आणि वजनालाही नाही. वजनावरून कुणी टोमणा मारला म्हणून दवाखान्याची पायरी चढणंच सोडतात, हे बघून जीव तुटतो. लस या आठवड्यात घ्या. वजनाचं काम त्याच्या गतीने चालू राहील, पुढचा बूस्टर येईल तेव्हा त्याला त्याचा फायदा होईल.

मुलाचं सोपं आहे. पहिल्यांदाच घेतोय, तर ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, आणि तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांत टायटर, कारण तोही रुग्णांना हात लावणार आहे. नेमका त्याच्यासारख्या किशोरवयीन, लठ्ठ मुलांवर २०१० मध्ये अभ्यास झाला होता: याच लसीत दीड इंची सुईवाल्यांचं टायटर एक इंचीवाल्यांपेक्षा जास्त आलं. १०२ किलोचा पुरुष म्हणून त्याला एक इंचीही चालते असं कुणी म्हणेल, तुम्ही दीडचाच आग्रह धरा. कॉलेजच्या कॅम्पमध्ये गर्दीत टोचतात, तिथे कुणी सुई बदलत बसणार नाही. त्यापेक्षा पहिला डोस तुमच्यासोबतच, एकाच दिवशी द्या, आणि त्याच्या कार्डावर तारखेशेजारी ‘दीड इंची, डावा दंड’ असं लिहून घ्या. पुढच्या दोन वेळी जो टोचेल त्याला ते वाचता येईल.